सातबारा म्हणजे जमीन नव्हे

सातबारा आणि गाव नकाशा मोबाईलवर दिसू लागल्यापासून आमच्या भाऊबंदकीत नवीच भर पडली आहे. पुण्यातला पुतण्या पडद्यावर बोट फिरवून म्हणतो, "काका, निम्म्यावर सरळ रेघ मारा, विषय संपला." धाकटा गावी राहून तेच रान कसतो. सध्या दोघांत अबोला आहे.

पारनेर तालुक्यातला हा तुकडा. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकरांना जेमतेम दीड गुंठा कमी. नावे दोघांची, सामाईक. सात नंबरच्या नमुन्यात हक्क, बाराच्या नमुन्यात पिके. सारा कुणाकडून घ्यायचा, या प्रश्नाचे हे उत्तर. कोणता भाऊ कोणत्या अंगाला, ते त्यात लिहिलेलेच नाही; मग सापडणार कसे?

नकाशात गटाची हद्द आहे, पण चढउतार नाही. क्षेत्र नेहमी आडव्या पातळीत धरतात. अकोल्याच्या डोंगरात ३० अंशांचा सरळ उतार असेल, तर नकाशातले ४० गुंठे पायाखाली ४६ भरतात! म्हणून नकाशा खोटा ठरत नाही. पाऊस मोजायला ते ४०च बरोबर, कारण तो वरून पडतो. (गणिताच्या तासाला हे उदाहरण पोरांना फार आवडायचे.)

धाकट्याला विचाराल तर तो आकडा सांगतच नाही. वरचे मुरमाड, मधले बरे, विहिरीकडचे काळे पण पावसाळ्यात चिबडणारे. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात, तिथे तर जमिनीचे वर्णन आणखी वेगळे. ओघळ काही गट नंबर विचारून वाहत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. यातले एकही वर्णन चुकीचे नाही, पण वाटणीचा प्रश्न एकट्या क्षेत्रफळाला विचारणे चूक आहे. सरळ रेघ मारली तर एकाला विहीर आणि दुसऱ्याला मुरूम, गुंठे मात्र सारखे! सरकारी मोजणी हवीच, पण त्याआधी दोघांनी रान सोबत फिरावे. मुरमाकडच्याला चार गुंठे जास्त द्यावेत, विहिरीच्या पाळ्या वाटणीपत्रात वारांनिशी लिहाव्यात. घरची मंडळी हे वाचतीलच. दिवाळीला दोघेही गावी आहेत, मीही येतो.