देवीच्या ताटातली हळद आणि बाटलीतली हळद

संक्रांत जवळ आली की इथल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळदीकुंकवाची आमंत्रणं फिरू लागतात. तिळगूळ, वाण, उखाणे, आणि गाड्या कुठे लावायच्या याच्या सूचना. गेल्या काही वर्षांत या आमंत्रणांच्या मागोमाग आणखी एक निरोप येतो: 'तुझ्यातली देवी जागव' असं सांगणाऱ्या कार्यशाळेचा. कधी नवरात्रात नऊ दिवस ऑनलाइन, कधी रविवारी अर्धा दिवस. ध्यान, मंत्र, प्राणायाम, आणि शेवटी 'नैसर्गिक उपचार' म्हणून मांडलेल्या बाटल्या. हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, शतावरी, हार्मोन्सचं संतुलन राखणारं एखादं चूर्ण. बाटलीवर कमळ, नाहीतर त्रिशूळ.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. देवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत तरारून येताना बघायला मला आजही आवडतं, आणि ध्यानाने कुणाला शांत झोप लागत असेल तर ती झोप खरीच आहे. माझा आक्षेप एका ठिकाणी आहे. देवीचं नाव मधे आलं की बाटलीबद्दल प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटू लागतं. आत किती मिलिग्रॅम आहे? कुणी तपासलंय? कुठल्या औषधाबरोबर घेऊ नये? असं विचारणारी बाई तिथे 'फार डोक्याने जगणारी' ठरते. बायकांना शक्ती देऊ म्हणणाऱ्यांनी त्यांची चौकसबुद्धी आधी दाराबाहेर काढून ठेवायला लावावी, हे मला पटत नाही.

तरीही बायका तिकडे वळतात याला कारण आहे, आणि ते बऱ्याच अंशी आधुनिक वैद्यकानेच पुरवलंय. १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमधून वगळण्याची सूचना काढली. ती मागे घेतली गेली १९९३ मध्ये. झॉल्पिडेम ही झोपेची गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर, २०१३ मध्ये, स्त्रियांसाठी तिचा डोस निम्मा करायला सांगण्यात आलं, कारण स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना रक्तात धोकादायक प्रमाणात शिल्लक असू शकते. वीस वर्षं बायका दुप्पट डोस घेत होत्या. त्यात पाळीत फार रक्तस्राव होतो, सतत थकवा येतो असं सांगणाऱ्या बाईला 'स्ट्रेस कमी करा' असं ऐकून दहा मिनिटांत दवाखान्याबाहेर पडावं लागतं. याउलट कार्यशाळेत तिचं म्हणणं कुणीतरी तासभर ऐकून घेतं. तो एक तास मोलाचा असतो, हे मी मान्य करते. बाटली खपते ती त्या तासाच्या जोरावर.

आणि मग थकव्याला 'शक्ती क्षीण झाली आहे' असं नाव मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परदेशात आलो म्हणून आपण त्यातून आपोआप सुटत नाही. शरीरातलं लोह कमी झालं की हिमोग्लोबिन घटतं, पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि जिना चढताना धाप लागते. यातलं काही गूढ नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या साध्या रक्तचाचण्यांत ते दिसतं. अळिवाचे लाडू जरूर खा, मीही खाते. पण हिमोग्लोबिन आठवर आलं असेल तर लाडवाच्या भरवशावर राहू नका, आणि 'मूलाधार मोकळं करण्याच्या' तर मुळीच नाही.

आता हळदीकडे येऊ. हळदीवर कुणी शंका घेतली की आपल्याला तो आजीचा अपमान वाटतो, आणि नेमक्या याच भावनेवर हा धंदा चालतो.

चार माणसांच्या भाजीत आपण अर्धा चहाचा चमचा हळद घालतो असं धरा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्के असतं. म्हणजे भाजीत ४५ मिलिग्रॅम, आणि तुमच्या वाट्याला जेमतेम ११. दुकानातल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये '९५ टक्के कुरकुमिनॉइड्स' असतील तर ते झाले ४७५ मिलिग्रॅम. एका घोटात चाळीसहून अधिक वेळच्या भाजीतलं. तरी एवढ्यावर भागत नाही. कुरकुमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि जे जातं त्याला यकृत झटपट साखरेचा एक तुकडा जोडून बाहेर काढायच्या रांगेत उभं करतं. म्हणून कॅप्सूलमध्ये काळ्या मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर माणसाच्या शरीरात कुरकुमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. ही वाढ होते ती यकृताची ती सफाई पायपरिन रोखतं म्हणून, हे मात्र छापत नाहीत. तीच सफाई इतर काही औषधांनाही लागते.

तेव्हा भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल यांचं नाव एक असलं तरी शरीराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीने पिढ्यान्‌पिढ्या वापरून पाहिलं ते पहिलीला. दुसरी तिने कधी पाहिलीही नव्हती, त्यामुळे 'हजारो वर्षांचा अनुभव' हे प्रशस्तिपत्र त्या कॅप्सूलला लागू होत नाही.

औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या 'डिलिन' या अमेरिकी संशोधन-जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे आजारी पडलेल्या दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. दहापैकी आठ स्त्रिया. पाच जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांमध्ये 'एचएलए-बी ३५:०१' हा जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आढळला. हिरव्या चहाच्या अर्काने यकृत बिघडलेल्या लोकांमध्येही हाच प्रकार जास्त दिसतो. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, काहींना मात्र फार होतं, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे बाटली उघडताना आपल्याला ठाऊक नसतं. लक्षणं लक्षात ठेवण्याजोगी आहेत: डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं. आणखी एक गोष्ट स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या मैत्रिणींसाठी. रॉटरडॅममधल्या २०१९ च्या अभ्यासात कुरकुमिन आणि पायपरिनसोबत घेतल्यास टॅमॉक्सिफेनच्या सक्रिय रूपाची रक्तातली पातळी कमी झालेली दिसली. 'ताकद यावी' म्हणून घेतलेली कॅप्सूल तुमच्या मुख्य औषधाचीच ताकद कमी करू शकते.

इथे कुणीतरी माशेलकरांचं नाव काढणार, आणि काढायलाच हवं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतलं. अभिमान वाटावा अशीच लढाई होती ती. पण त्यात निकाल कशाचा लागला? हा वापर नवा नाही, भारतात आधीपासून माहीत आहे, एवढाच. हळद जखमेवर किती गुणकारी आहे, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कुरकुमिनचा सविस्तर आढावा आला. तोवर १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या, आणि दुहेरी अंध, तुलनेसाठी खोटी गोळी दिलेली अशी यशस्वी चाचणी लेखकांना त्यांत सापडली नाही. हा शेवटचा शब्द नव्हे, पण 'विज्ञानाने सिद्ध झालंय' हे वाक्य तेव्हापासून जरा जपून वापरायला हवं होतं.

शतावरीबद्दल फार लिहीत नाही. अश्वगंधेबद्दल मात्र एक सांगते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती थायरॉइड आणि लैंगिक हार्मोन्सवरच्या परिणामांच्या आणि गर्भपाताच्या शंकेमुळे. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांना एक कायदा माहीत असायला हवा. १९९४ च्या पूरक आहारविषयक कायद्यानुसार अशा गोळ्या विकण्यापूर्वी त्या परिणामकारक आणि निर्धोक आहेत हे एफडीएला दाखवून द्यावं लागत नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात 'या विधानाची एफडीएने तपासणी केलेली नाही' असं लिहिलेलं असतं. ते वाक्य औपचारिकता म्हणून सोडून देऊ नका. सगळ्या लेबलवरचं सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच असतं.

ताटातली दुसरी वाटी कुंकवाची. कुंकू मुळात हळदीचंच. हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल झालेला तुम्ही पाहिला असेल, ते हेच रसायन. असं कुंकू निरुपद्रवी. बाजारातल्या लाल भुकटीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदूराचे ११८ नमुने तपासले, त्यातले ९५ न्यू जर्सीतल्या दक्षिण आशियाई दुकानांमधले. सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसं सापडलं, आणि एक तृतीयांश नमुन्यांत एफडीएच्या मर्यादेपेक्षा जास्त. आपला पारंपरिक शेंदूर तर शिशाचंच संयुग आहे, वजनाने त्यात ९० टक्के शिसं. देवीच्या मूर्तीवर तो शतकानुशतकं चढत आला. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढले गेले तेव्हा खालचं मूळ रूप पाहून लोक थक्क झाले. देवीच्या दगडाला शिशाने काही होत नाही. आपल्या हाडांना होतं.

हाडांचा मुद्दा बायकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून ते हाडांत साठवलं जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्यासोबत शिसंही निघतं आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांमध्ये शिशाची विषबाधा आढळली होती. या स्त्रिया 'नैसर्गिक' तेच घेत होत्या. कपाळावरच्या टिकलीएवढ्या कुंकवातून कातडीमार्गे फार काही आत जात नाही. काळजी आहे ती बोटांना लागून तोंडात जाणाऱ्या भुकटीची, आणि ताटाशी खेळणाऱ्या रांगत्या बाळांची.

हळदीतही शिसं येतं. रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी तिला लेड क्रोमेट चोळतात. ग्रामीण बांगलादेशातल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात एवढं शिसं कुठून येतं याचा माग काढताना संशोधक हळदीच्या गिरण्यांपर्यंत पोचले. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. मग वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, छापे पडले, दंड झाले, क्ष-किरणांनी जागेवर तपासणी करणारी यंत्रं आली. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत, एका गरीब देशात. बायकांच्या आरोग्यासाठी इतकं नेमकं आणि इतकं स्वस्त काम क्वचितच झालं असेल.

'नैसर्गिक उपचार' हा शब्द मला अशा कामाला वापरावासा वाटतो, आणि त्याची आपली स्वतःची परंपराही आहे. कमला सोहोनींना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरून परत आल्या. मुंबईत त्यांनी नीरेवर काम केलं. ताडाचा हा रस पौष्टिक आहे असं लोक म्हणतच होते. सोहोनींनी त्यातली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तो देऊन प्रकृतीत फरक पडतो का ते तपासलं. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे, १९६६ मध्ये मुंबईतल्या बायकांनी सुरू केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या सक्रिय होत्या आणि अन्नातल्या भेसळीबद्दल लिहीत होत्या. लोकांच्या ज्ञानाला मान द्यायचा आणि मोजमापही सोडायचं नाही, हे त्यांना एकत्र जमलं.

हळदीकुंकू बंद करा असं मी म्हणत नाही. विधवा मैत्रिणीला बोलवायचं की नाही यावर अजून कुजबुज होत असेल तर ती मात्र आधी बंद करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आपण तर अटलांटिक ओलांडून आलोय. भारतातून येताना सुटी हळद आणि सुटं कुंकू बॅगेत भरून आणू नका. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाच्या तपासण्यांत बाहेरदेशी विकत घेतलेल्या मसाल्यांत इथल्या दुकानांतल्या मसाल्यांपेक्षा जास्त शिसं आढळलं होतं. घरात लहान मूल असेल तर त्याच्या डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाच्या चाचणीबद्दल विचारा, आणि घरात काय काय वापरता तेही सांगा.

आणि तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांनाही सांगा. 'कुठली औषधं घेता?' या प्रश्नावर आपण हमखास 'काही नाही' म्हणतो, कारण हळद आपल्या लेखी औषध नसतेच. पुढच्या भेटीला जाण्याआधी कपाटातल्या सगळ्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा आणि तो प्रश्न आला की फोन पुढे करा.