वारंवार उद्भवणारे लगण आणि आपले दायित्व

पापणीतील गाठ ही आपल्या चिकित्सालयांत इतकी नित्याची बाब आहे की तिच्याकडे आपण क्षणभरही निरखून पाहत नाही. रुग्ण तिला रांजणवाडी म्हणतो. ठणका व पाक असेल तर आपण अंजननामिका म्हणतो, नसेल तर लगण म्हणतो. स्वेदन, लेप, त्रिफळा यांवर बहुतेक गाठी जिरतात, काहींना भेदन करावे लागते. हे निदान बहुधा बरोबरच ठरते आणि अडचण नेमकी तेथेच आहे. कारण या गर्दीत क्वचित एखादी गाठ अशी येते की ती लगण नसते. ती पापणीतील मेदस्रावी ग्रंथींचा कर्करोग असते.

हा विकार दुर्मिळ आहे खरा, पण तो परदेशी ग्रंथांतील कुतूहलाचा विषय आहे असे समजून आपण निश्चिंत राहू शकत नाही. पाश्चात्य देशांत पापणीच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य बेसल सेल प्रकारचे असतात व मेदग्रंथींचा कर्करोग अगदी थोड्यांत आढळतो. भारतातील रुग्णालयांच्या नोंदी वेगळे चित्र दाखवितात. त्यांपैकी अनेकांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास वा त्याहूनही अधिक आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांत तो विशेषेकरून दिसतो. वरच्या पापणीत मायबोमियन ग्रंथी अधिक असल्याने तेथे त्याचा प्रादुर्भाव जास्त. त्याची खरी लबाडी त्याच्या शांतपणात आहे. तो दुखत नाही, पिकत नाही, सावकाश वाढतो. कधी तर गाठ जाणवतच नाही, केवळ एकाच डोळ्याची पापणी महिनोन्महिने लाल व जाड राहते आणि रुग्ण ‘डोळे आले’ म्हणून थेंब घालीत राहतो.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या तिसऱ्या अध्यायात एकवीस वर्त्मगत रोग सांगितले आहेत. त्यांत लगण आणि अर्बुद हे दोन्ही आहेत, आणि दोन्ही वेदनारहितच वर्णिले आहेत, ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. म्हणजे ‘दुखत नाही, म्हणून लगण’ हा आपला प्रचलित तर्क संहितेच्या कसोटीवरही टिकत नाही. भेद आहे तो अन्यत्र. लगण बोराएवढे, कठीण, कंडूयुक्त. अर्बुद विषम आकाराचे, आरक्त, लोंबणारे. लगण भेद्य मानले आहे, अर्बुद छेद्य. छेद्याला भेद्य समजून वरवर चिरणे व क्षाराने प्रतिसारण करणे याचा परिणाम काय होतो, तेही सुश्रुतांनी चिकित्सास्थानात अर्बुदाच्या प्रकरणी बजावले आहे : दोषशेष राहिला की अर्बुद त्वरेने पुन्हा उद्भवते. आजचा शल्यविद कडा रोगमुक्त आहेत की नाहीत हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो, त्यामागील चिंता हीच आहे.

येथे काही ज्येष्ठ सहव्यवसायी आक्षेप घेतात की, आपली चिकित्सा दोषदूष्यांवर चालते, पेशींचे नाव कळून काय साधणार? पाठोपाठ चरकाचा दाखला येतो की, रोगाचे नाव सांगता न आल्यास वैद्याने लाजू नये. दाखला खरा आहे, पण अर्धा. सूत्रस्थानाच्या त्याच अठराव्या अध्यायात लगेच पुढे विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि हेतुविशेष जाणूनच कर्म करावे असे सांगितले आहे. नाव न येण्याची मुभा आहे. न पाहण्याची नाही. ऊतकपरीक्षण हे अधिष्ठान व प्रकृती जाणण्याचे साधन आहे, ते कोणत्या शास्त्राच्या प्रयोगशाळेत घडले हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो.

नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रानंतर शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर स्नातकांच्या शस्त्रकर्माधिकारावर पुष्कळ शाई खर्ची पडली. आम्ही त्या अधिकाराच्या बाजूचेच आहोत. मात्र ज्याला गाठ कापण्याचा अधिकार हवा, त्याने कापलेली गाठ कचऱ्यात टाकण्याचा अधिकार सोडून द्यावयास हवा.

त्याच जागी पुन्हा आलेली गाठ, गाठीवरील गळालेल्या पापण्यांचे केस, पापणीच्या कडेची मोड वा व्रण, पिवळसर छटा, कानापुढे हाताला लागणारी लसिकाग्रंथी, उपचारांना न जुमानणारा एकाच डोळ्याचा दाह : यांपैकी एकही आढळल्यास औषधयोजना न लांबविता रुग्णास नेत्रशल्यविदाकडे धाडावे. रोग पापणीत असता रुग्णाची दृष्टी बहुधा राखता येते. तो नेत्रगुहेत पसरला तर डोळ्यासह सारी गुहा रिकामी करण्याची वेळ येऊ शकते, आणि लसिकाग्रंथींत गेला तर प्राणांवर बेतते. तीन महिने आणखी एक अंजन ‘लावून पाहू’ म्हणण्याची किंमत ही आहे.

औषधी दुकानदार बंधूंचा यात वाटा लहान नाही, कारण असा रुग्ण वैद्याच्या आधी त्यांच्याच दारी येतो. स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीवाचून देणे नियमबाह्य आहेच. शिवाय त्याने लाली तात्पुरती ओसरते व रोग झाकला जातो. आयुर्वेदीय नेत्रबिंदूंना चिठ्ठी लागत नाही म्हणून ते निर्धोक, असेही मानू नये. साठीचा गृहस्थ एकाच डोळ्यासाठी तिसऱ्यांदा तेच मागू लागला तर बाटली देण्यापूर्वी एवढेच विचारावे : डोळा कोणाला दाखविला आहे काय?

नमुना पाठविण्याविषयी एक बारकावा. नेहमीच्या प्रक्रियेत ऊतकातील मेद विरघळून जातो व उरतात त्या फेसाळ पोकळ्या; त्यामुळे मेदग्रंथींचा संशय कळविला नसेल तर तज्ज्ञाकडूनही निदान निसटू शकते. मेदरंजनासाठी ताजा नमुना लागत असल्याने शंका असेल तेव्हा आधीच बोलणे करावे. सोबतच्या चिठ्ठीत गाठ कितव्यांदा आली, कोठे आली आणि आपणास कशाचा संशय आहे हे लिहावे. तसेच निदान मेदग्रंथींच्या अर्बुदाचे आले, मग ते सौम्य अ‍ॅडिनोमा का असेना, तर कुळात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कोणास झाला होता काय, हे विचारून नोंदवावे. म्युर यांनी १९६७ मध्ये व टोरे यांनी १९६८ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात त्वचेवरील असे अर्बुद आतील कर्करोगाच्या आधीही दिसू शकते.