साडेअकराचा खेळ

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. मी फळ्यावर गणित घातलं : एक चित्रपट एकाच थिएटरात १००० आठवडे चालला, तर किती वर्षं चालला? वर्षाचे आठवडे ५२ धरा. सगळे वह्यांत डोकं घालून बसले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, गणित चुकलंय! असा पिक्चर असतो काय कुठे? दोन महिन्यांत तर मोबाईलवर येतो."

उत्तर आलं १९ वर्षं आणि वर १२ आठवडे. गणित बरोबर होतं आणि पिक्चरही खरा होता. मागच्या बाकावरचा गडी अजून माझ्याकडे संशयाने बघतो, म्हणून आज हे सगळं लिहितेय. तुमच्या आईबाबांनाही वाचून दाखवा. त्यांच्यातले निम्मे तरी मध्येच मला थांबवून स्वतःचंच सांगत बसतील.

मुंबई सेंट्रल स्टेशन आणि तिथला एसटीचा डेपो तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. तिथून चार पावलांवर 'मराठा मंदिर' नावाचं थिएटर आहे. १९५८ साली ते उघडलं, बी. आर. चोप्रांच्या 'साधना' या चित्रपटाने. एकच पडदा, खाली स्टॉल, वर बाल्कनी, आणि खुर्च्या हजाराच्या घरात. आता मॉलमधल्या थिएटरात एका छपराखाली चार-पाच छोटे पडदे असतात, तसलं काही नाही. हजार माणसं एका वेळी एकच गोष्ट बघणार आणि एकदम हसणार.

दोनच वर्षांनी, ५ ऑगस्ट १९६० ला, तिथे 'मुगल-ए-आझम' लागला. तुमचा विश्वास बसणार नाही, पण चित्रपटाची रिळं हत्तीवरून आली होती! सजवलेला हत्ती, थिएटरासमोर पृथ्वीराज कपूरचं ४० फुटी चित्र. आगाऊ तिकिटांसाठी लोक चार-चार दिवस रांगेतच राहिले. तिथेच झोपायचं, आणि घरची माणसं डबा आणून द्यायची. तुम्ही शाळेत पाण्याच्या नळापाशी दोन मिनिटं रांगेत उभे राहत नाही. असो.

रीळ म्हणजे काय, हेही तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगावं लागेल. तेव्हा चित्रपट लांबलचक फिल्मवर असायचा. एका सेकंदाला २४ चित्रं दिव्यापुढून सरकायची, म्हणून पडद्यावरची माणसं हलताना दिसायची. तीन तासांच्या चित्रपटात किती चित्रं होतील? करा गुणाकार. (अडीच लाखांच्या वर उत्तर आलं तर घाबरू नका, बरोबर आहे.)

आता १००० आठवडेवाला. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ ला लागला. त्याआधी मोठं नाव होतं ते 'शोले'चं. तो मुंबईतच 'मिनर्व्हा'त पाच वर्षांच्या वर चालला होता. ते मिनर्व्हा आज उभं नाही. मराठा मंदिरात मात्र 'दिलवाले' लागला तो उतरलाच नाही. इतर खेळांना नवे चित्रपट येत-जात राहिले, पण सकाळी साडेअकराचा खेळ त्याचा. डिसेंबर २०१४ मध्ये १००० आठवडे भरले.

बघायला कोण जातं? हे मला नीट माहीत आहे, कारण त्यांतले एक आमचे अण्णा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. चिपळूणहून रातराणी घेऊन पहाटे मुंबई सेंट्रलला पोचायचे आणि परतीची गाडी रात्री. मधला अख्खा दिवस मोकळा. दिवसा झोप ती किती लागणार? मग साडेअकराला मराठा मंदिर. तिथे त्यांच्यासारखेच पुष्कळ. गाडीला चार तास आहेत म्हणून बॅगा पायाशी घेऊन बसलेले प्रवासी, सुट्टीवरचे कामगार, कॉलेजची मुलं, आणि नवं लग्न झालेली, लाजत बसलेली जोडपी.

१९९७ च्या मे महिन्यात अण्णांनी मला नेलं. मी आठ वर्षांची. आमच्या गावच्या तंबूतल्या सिनेमानंतर ते थिएटर मला राजवाडाच वाटलं. जिन्यावरून चढताना मी चपला काढून हातात घेतल्या होत्या. डोअरकीपरकाका हसले आणि बॅटरीच्या उजेडात आम्हाला खुर्चीपर्यंत सोडलं. सिनेमा सुरू झाला, आणि बघते तर काय, पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधीच आमच्या मागची रांग बोलून मोकळी!

"अण्णा, यांना आधीच कसं कळतं?"

"रोजच्या पाशिंजराला पुढचा थांबा विचारावा लागतो काय गो?" अण्णा म्हणाले.

आणि मध्यंतरानंतर घोरायला लागले. ते दर खेपेस मध्यंतरानंतर झोपत, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या वेळा पाहून शेवट काही त्यांनी कधी धड पाहिलेला नव्हता!

अण्णा रिटायर झाले. मग फेब्रुवारी २०१५ मध्ये पेपरात बातमी आली, १००९ आठवड्यांनंतर हा खेळ बंद. अण्णांनी तडक पिशवी भरली. आई म्हणाली, "अहो, संपला म्हणतायत ना! आता कुठे निघालात?" अण्णा पिशवी मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिले. सिनेमाच्या बातमीला माणूस इतकं मनाला लावून घेईल असं मला तरी वाटलं नव्हतं. पण एकटे अण्णाच नव्हते. ठिकठिकाणच्या लोकांनी खेळ चालू ठेवा म्हणून आग्रह धरला, आणि थोड्याच दिवसांत तो परत सुरू झाला. ती बातमी अण्णांनी दोनदा वाचली आणि कात्रण पंचांगात ठेवून दिलं.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे सगळ्याच थिएटरांना कुलूप लागलं. उघडल्यावर मराठा मंदिरात पुन्हा तोच चित्रपट. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला ३० वर्षं झाली. असं थिएटर चालवणं सोपं नाही, बरं का. दहा माणसं आली तरी दिवे, पंखे, झाडलोट हजार खुर्च्यांची करावी लागते. म्हणून एकपडदा थिएटरं एकामागून एक मिटली. तुमच्या गावातलंही मिटलं असेल. आमच्याकडचं तर मिटलंच.

या मे महिन्यात मी अण्णांना आणि माझ्या लेकीला घेऊन गेले. तिकीट पन्नास रुपयांच्या आतबाहेर. लेक जिन्यावर कुरकुरत होती, "आजोबा, हा तर मोबाईलवर आहे!" अण्णा गुडघे धरत एकेक पायरी चढत होते. उत्तर द्यायला दम नव्हता. मध्यंतरात समोशावर मात्र दोघांचं एकमत झालं.

शेवटच्या रेल्वेच्या प्रसंगाला थिएटरात टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला. लेक खुर्चीवर उभी राहून पडदा सोडून माणसंच बघत होती. मी अण्णांकडे वळून पाहिलं.

जागे होते.

बरं, आता काम. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : तुमच्या गावात कुठलं थिएटर होतं, त्यात त्यांनी पाहिलेला पहिला सिनेमा कोणता, आणि आज त्या जागी काय आहे? एका पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहून धाडा. आणि मागच्या बाकावरच्या गड्याने २५६ भागिले ८ परत करून आणायचं आहे, विसरू नये.