शपथ कुणी कुणापुढे घ्यायची?

नवं मंत्रिमंडळ आलं, की वर्तमानपत्रांत ठरीव वाक्य येतं : ‘पद आणि गोपनीयतेची शपथ घेतली.’ मला हे वाक्य नेहमीच अपुरं वाटतं. मंत्रिपदाच्या शपथेतलं पहिलं वचन असतं ते भारताच्या राज्यघटनेबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याचं. शेवटचं असतं ते सर्व तऱ्हेच्या लोकांना निर्भयपणे, कुणाविषयी ममत्व किंवा आकस न ठेवता न्यायानं वागवण्याचं. गुपित राखण्याची शपथ त्यानंतरची, वेगळी. बातमीत मात्र नेमकी घटना गळते आणि गोपनीयता तेवढी शिल्लक राहते!

शपथेशी आपलं, बायकांचं नातं फार जुनं आहे. घरात दागिना हरवला, की सुनेनं देवापुढे हात ठेवायचा. नवऱ्याला संशय आला, की बायकोनं पोराच्या गळ्याची शपथ घ्यायची. दिव्य करायचं तेही सीतेनंच. जातपंचायतीनं बाईला उकळत्या तेलात हात घालायला लावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्याच्या हातात सत्ता त्यानं शपथ मागायची आणि जिच्या हातात काहीच नाही तिनं ती द्यायची, असा हा शिरस्ता.

राज्यघटनेनं तो उलटा केला. इथे सत्ता हाती घेणाऱ्यालाच आधी शब्द द्यावा लागतो. शपथ न घेता सभागृहात बसणाऱ्या किंवा मत देणाऱ्या आमदार-खासदाराला दिवसाला ५०० रुपये दंड आहे.

पण शपथ घेऊन ती मोडली तर? राष्ट्रपतींवर घटनाभंगासाठी महाभियोग चालवता येतो. मंत्र्याला किंवा आमदाराला मात्र शपथभंगाची वेगळी शिक्षा घटनेत लिहिलेली नाही. म्हणून पुष्कळ जण हा नुसता सोपस्कार समजतात. मला ते पटत नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारालाही घटनेवरच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागते. म्हणजे ज्याची अनामत रक्कम जप्त झाली, त्यानंही ती घेतलेली असते. त्या निष्ठेला मुदत घातलेली नाही. निवडणूक हरली, पक्ष बदलला, खुर्ची गेली, तरी दिलेला शब्द उरतोच.

त्या शब्दाची किंमत काय असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिलं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारणं अनेक होती, पण हिंदू कोड बिल बाजूला सारलं गेलं, हे त्यातलं मोठं कारण. समतेची घटना लिहायची आणि घराघरातली विषमता तशीच ठेवायची, हे त्यांना मान्य नव्हतं. बायकांच्या वारसाहक्कासाठी, घटस्फोटाच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा मंत्री या देशानं पाहिला आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता शपथेतले ते ‘सर्व तऱ्हेचे लोक’ कोण? माझ्या मते पोलीस चौकीत तक्रार घ्या म्हणून तासन् तास बसलेली बाई, पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी परित्यक्ता, जातीबाहेर लग्न केलं म्हणून जिवाच्या भीतीनं लपलेली मुलगी. ‘एवढ्या रात्री ती बाहेर पडलीच कशाला?’ असं एखादा मंत्री विचारतो, तेव्हा आपण त्याला असभ्य म्हणतो आणि सोडून देतो. खरं तर तो शपथ मोडत असतो. आकस न ठेवण्याचा शब्द त्यानं दिलेला असतो. बाईच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हे तर १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं सगळ्याच नागरिकांचं मूलभूत कर्तव्य ठरवलं आहे.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. यापुढे मंत्र्यांना निवेदन द्यायला जाल, तेव्हा कागदाच्या वरच्या भागात त्यांनी घेतलेली शपथ शब्दशः लिहा. मोठ्यानं वाचून दाखवा. मागण्या त्यानंतर. ‘कृपा व्हावी’, ‘विनंती आहे’ असली भाषा आपोआप गळून पडेल. आपण दिलेल्या शब्दाची आठवण द्यायला आलो आहोत, हे त्यांनाही कळेल. आणि मुख्य म्हणजे आपल्यालाही कळेल.

शिक्षा लिहिलेली नाही, तिथे पहारा हवा. तो आपण करायचा.