हात पुढे कोणी करायचा?

बाईच्या नाचण्यावर आपल्या चळवळीत बोलणं झालं, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी नाचण्यावर. तमाशातली बाई, बारमधली बाई, सिनेमातली बाई. तिच्या नाचातून पैसा कोण कमावतं, तिचं शोषण कसं होतं, कायदा काय म्हणतो, यावर आपण शिबिरं घेतली, मोर्चे काढले. आपण स्वतः कुठे नाचतो, कुणाबरोबर नाचतो, हा प्रश्न मात्र ‘हा काय चर्चेचा विषय आहे?’ म्हणून बाजूलाच राहिला. शिबिराच्या शेवटच्या रात्री फेर धरून चार गाणी म्हणायची, एवढंच काय ते.

म्हणून मैत्रिणींनो, आज साल्साबद्दल लिहिते आहे. मुंबई-पुण्यात आता बरीच वर्षं काही क्लबांत, हॉटेलांत आठवड्यातली एखादी रात्र साल्साची असते. आठच्या सुमाराला नवशिक्यांचा वर्ग सुरू होतो. शिक्षक मधोमध, बाकीचे भोवती गोल. एक-दोन-तीन, चारला थांबा. पाच-सहा-सात, आठला थांबा. हे पायात बसलं की जोड्या लावतात, आणि दर दोन-तीन मिनिटांनी ‘पार्टनर बदला’ अशी हाक येते. तासाभरात दहा-बारा अनोळखी हात हातात येऊन जातात. कुणाचे घामेजलेले, कुणाचे थरथरणारे, कुणी नुसताच ओढणारा. वर्ग संपला की दिवे मंद होतात आणि ‘सोशल’ सुरू होतं. म्हणजे कुणीही कुणालाही विचारायचं, एक गाणं बरोबर नाचायचं, ‘थँक्यू’ म्हणायचं आणि वेगळं व्हायचं. नवरा किंवा मित्र बरोबर असायलाच हवा असं नाही. एकट्या आलेल्या बायका पुष्कळ दिसतात.

मी गेले ती एका मैत्रिणीच्या आग्रहाने. ती शाळेत शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे. घरी तिने ‘मीटिंग आहे’ असं सांगितलं होतं. (रात्री साल्साला जाते म्हणण्यापेक्षा मीटिंगला जाते म्हणणं आता सोपं झालंय, हा आपल्या चळवळीचा विजयच म्हणायचा!)

आमच्या समुपदेशन केंद्रात ज्या बायका येतात त्यांच्यातल्या बहुतेकींच्या आयुष्यात पुरुषाचा स्पर्श दोनच वाटांनी आलेला असतो. एक नवऱ्याचा. तो विचारून येत नाही, कारण विचारायचं असतं हेच त्याच्या गावी नसतं. आणि आपल्या कायद्याच्या तरी कुठे आहे? पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजही बलात्कार ठरत नाही. दुसरा स्पर्श बसमधला, गर्दीतला, चोरून केलेला. त्याला कोपर कसं मारायचं हे प्रत्येकीला शिकावं लागतं. कुणीतरी समोर येऊन हात पुढे करील, आपण हो म्हणू, चार-पाच मिनिटं त्या हाताला हात लावू आणि गाणं संपलं की दोघांचाही एकमेकांवर काही हक्क उरणार नाही, हा तिसरा प्रकार बहुतेकींच्या कल्पनेतही नसतो. वस्तीतल्या मुलींना आपण ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवतो तेव्हाही वाईट स्पर्शावरच सगळा वेळ जातो. चांगल्या स्पर्शाच्या यादीत आई, आजी आणि डॉक्टर! मोठ्या बाईला स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या मर्यादेत काही हवंसं वाटू शकतं, यावर आपल्याकडे धडाच नाही. साल्साच्या रात्रीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. जोडीने नाचायच्या जुन्या शिष्टाचारात एक नियम चालत आला आहे की कुणी नाचायला विचारलं तर नकार देऊ नये, ते असभ्य दिसतं. नवशिक्या बायकांना हे वर्गातच सांगितलं जातं, आणि कारण मोठं गोड दिलं जातं: बिचारा धीर करून आलाय, त्याचा हिरमोड कशाला करायचा? मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? स्थळ नाकारताना, ऑफिसातल्या साहेबाच्या विनोदावर न हसताना, नवऱ्याकडे पाठ फिरवताना! पुरुषाचा हिरमोड होऊ नये ही जबाबदारी इथेही बाईच्याच पदरात. त्या रात्री एका मुलीने ‘आता नको’ म्हटल्यावरही एकाने तिचं मनगट सोडलं नाही. तिने आयोजकांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, “अहो, नवीन आहे तो, शिकेल.” शिकेल खरा, पण कुणाच्या मनगटावर? बाहेरच्या कित्येक देशांत साल्साच्या महोत्सवांतून आता लेखी नियम लावतात: नकाराला कारण द्यावं लागत नाही, आणि त्रास देणाऱ्याला बाहेर काढलं जातं. आपल्याकडच्या आयोजकांकडे हे मागायला लाजण्याचं कारण नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा तिथल्या वेट्रेसला आणि नाच शिकवणाऱ्या बाईला लागू आहे, हेही त्यांना या निमित्ताने सांगावं.

दुसरी गोष्ट ‘लीड’ आणि ‘फॉलो’ची. पुरुषाने न्यायचं, बाईने जायचं, अशी रूढी आहे. हे ऐकून आपल्यातल्या काहीजणी तिथेच वही मिटतील. मला ते घाईचं वाटतं. चांगलं फॉलो करणारी बाई ढकललं तशी जात नाही. समोरच्या हाताची सूचना ती ऐकते, पटली तर घेते, मध्ये स्वतःची पावलं टाकते. चांगला लीडही हात दाबत नाही, वाट दाखवून थांबतो. हे कौशल्य आहे आणि ते दोघांनाही यायला हवं. माझी तक्रार वेगळी आहे. वर्गाच्या पहिल्याच मिनिटाला ‘मुलगे इकडे, मुली तिकडे’ असं सांगून निम्मं शिक्षण प्रत्येकाला बंद केलं जातं. त्या रात्री बायका जास्त होत्या, पुरुष कमी. तरी पाच-सहाजणी भिंतीला टेकून पाळीची वाट बघत होत्या, कारण एकमेकींना न्यायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं. रात्रभर एकमेकींचे हात धरून मंगळागौरीच्या फुगड्या घालणाऱ्यांच्या नाती-पणती या!

खरं तर या संगीताला बायकांचं वावडं नव्हतं आणि होतंही. साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये नुसता रस्सा किंवा चटणी. हे नाव रूढ झालं ते न्यूयॉर्कमध्ये, 1960 आणि 70 च्या दशकांत, तिथल्या पोर्तो रिकोच्या आणि क्यूबाच्या स्थलांतरित वस्त्यांतून. मूळ धाटणी क्यूबातल्या ‘सोन’ची, गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या तालावर आणि स्पॅनिश गाण्यावर पोसलेली. सोन वाजवणं हे पुरुषांचं काम समजलं जाई. हवानात 1932 साली, हुकूमशहा माचादोच्या राजवटीत विद्यापीठ बंद होतं तेव्हा, शिक्षण अडलेल्या कॉन्सेप्सिऑन कास्त्रो या मुलीने बहिणींना घेऊन ‘आनाकाओना’ हा फक्त बायकांचा वाद्यवृंद काढला. पुढे त्यात सख्ख्या अकरा बहिणी वाजवू लागल्या. आधी वर्ग आणि मग नाच ही पद्धतही जुनीच. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नावाच्या नाचघरात बुधवारी रात्री माम्बोचे धडे देत. काळे, गोरे, ज्यू, इटालियन, पोर्तो रिकन तिथे एकाच फरशीवर नाचत, आणि हे त्या काळी त्या देशात सहज होण्यासारखं नव्हतं.

मग आपल्या क्लबच्या फरशीवर कोण येतं? दारावर लिहिलेलं असतं, ‘लेडीज फ्री’. पुरुषाने पैसे द्यायचे, बाईने फुकट आत जायचं. फुकट मिळतंय म्हणून खूश होण्याआधी हिशेब बघावा. दारू विकून पैसा मिळतो, आणि दारू पिणारा पुरुष यावा म्हणून आत बायका हव्यात. मी पैसे भरून आत जाईन, कारण मग तक्रार करताना मी गिऱ्हाईक असेन.

आत गेल्यावर मैत्रिणीला धीर देत तिथला एकजण म्हणाला, “मॅडम, घाबरू नका, इथे सभ्य लोक येतात. हा काही डान्स बार नाही.” त्याला कल्पना नसेल, पण हेच वाक्य आपल्या राज्याने कायद्यात घातलं होतं. 2005 साली मुंबई पोलीस कायद्यात 33अ आणि 33ब ही कलमं आली. परमिट रूम आणि बिअर बारमध्ये नाच बंद झाला. तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, फक्त सभासदांना प्रवेश असलेले क्लब, जिमखाने यांना मात्र मोकळीक. बेकार झालेल्या बायकांचा आकडा त्या काळी 75,000 सांगितला जात असे. आपल्या चळवळीतही तेव्हा उभी फूट पडली. बंदी हवी म्हणणाऱ्या संघटना होत्या, तर मुंबईतल्या ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’सारखे गट बंदीविरुद्ध उभे राहिले. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही कलमं रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते उचलून धरलं. श्रीमंतांच्या जागेतला नाच शुद्ध आणि गरिबांच्या जागेतला भ्रष्ट, हा भेद न्यायालयाला टिकणारा वाटला नाही. सरकारने 2014 मध्ये पुन्हा बंदी आणली, 2016 मध्ये नवा कायदा केला, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही अनेक जाचक अटी काढून टाकल्या. बारमधली बाई पोटासाठी नाचते, मी हौसेसाठी, हा फरक मला कळतो. पण माझ्या हौसेला सभ्यतेचा दाखला मिळतो तो तिच्या पोटावर पाय देऊन, हेही मला दिसतं. साल्साला जाणाऱ्या बाईने ‘आम्ही तसल्या नाही’ असं म्हणणं तेवढं थांबवावं.

‘ही आपली संस्कृती नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. डहाणू-जव्हारकडे वारली पाड्यांवर तारपा वाजू लागला की बाया आणि पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून रात्री गोल नाचतात. त्यांची संस्कृती आपली नाही असं ज्याला वाटतं त्याने तसं उघड म्हणावं.

राहिला प्रश्न घरी जाण्याचा. माझी मैत्रीण साडेअकराला निघाली, कारण शेवटची लोकल. पुरुष नाचत राहिले. ‘व्हाय लॉयटर?’ या 2011 च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या संदर्भात मांडलं होतं की बाईला बाहेर पडायला नेहमी काहीतरी काम दाखवावं लागतं. निव्वळ मजेसाठी बाहेर असणं हाही तिचा हक्क आहे. क्लब परवडणाऱ्या बाईची ही गत, तर ज्यांना तो परवडतच नाही त्यांचं काय? आमच्या वस्तीतल्या बचतगटाच्या बायकांना मी या रात्रीबद्दल सांगितलं. एकीने पावलं विचारली, दुसरीने ताल धरला, दहा मिनिटांत आठजणी उभ्या. मग त्यांनी समाजमंदिर मागायचं ठरवलं, दर शनिवारी सात ते नऊ. किल्ली तरुण मंडळाकडे असते. रोज संध्याकाळी तिथे कॅरम चालतो. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, “हळदीकुंकू असेल तर सांगा, लगेच उघडतो.” बायकांनी नगरसेवकाच्या नावाने अर्ज लिहिला आहे. त्यात कारण काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. ‘आरोग्यासाठी व्यायाम’ लिहा, असं दोघीतिघी म्हणत होत्या. शेवटी ‘नाचण्यासाठी’ असंच लिहिलं, आणि बावीसजणींनी सह्या केल्या.