क्वेसारांच्या जाती आणि आपले पाठांतर

विद्यार्थी मित्रांनो, वर्गीकरण म्हटले की तुम्हाला परीक्षेतला ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आठवतो. गटांची नावे पाठ केली की गुण पदरात पडतात. पण विज्ञानात वर्ग पाडले जातात ते घोकण्यासाठी नव्हे, तर पुढचा प्रश्न विचारता यावा म्हणून. क्वेसारांचेच पाहा ना.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या बिंदूच्या वर्णपटातील रेषा सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकल्याचे ओळखले. तो तारा नव्हता. अतिदूरच्या दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र होते. तेथील प्रचंड कृष्णविवराभोवती फिरणारा वायू तापून प्रकाशतो. त्यातील बराच प्रकाश जंबुपार असतो. असे किरण आपले वातावरण अडवते. मग ते दिसावेत कसे? विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेत त्यांची तरंगलांबी वाढते. ताम्रसृती १ असेल तर ती दुप्पट होते. मॅग्नेशियमची २८०० अँगस्ट्रॉमची जंबुपार रेषा ५६०० वर, म्हणजे दृश्य प्रकाशात येते!

अशा वर्णपटांवरून क्वेसारांचे वर्ग पाडतात. शंभरांतील साधारण १० ते २० क्वेसारांत तेजस्वी रेषेच्या निळ्या बाजूस रुंद, काळे पट्टे दिसतात. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणारा वायू तेथील प्रकाश शोषून घेतो.

ही क्वेसारांची निराळी जात आहे काय? वीटभट्टीच्या पलीकडे दिवा लावला, तर धूर ज्याच्या दिशेने वाहतो त्याला तो मंद दिसेल, दुसऱ्याला लख्ख. दिवा एकच! काही शास्त्रज्ञ पट्ट्यांचा उलगडा असाच, पाहण्याच्या दिशेवरून करतात. इतरांच्या मते ती क्वेसाराच्या आयुष्यातील एक अवस्था असावी.

हा वाद नावे घोकून सुटत नाही. पुन्हा पुन्हा पाहावे लागते. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील रघुनाथन श्रीआनंद व सहकाऱ्यांनी गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीतून अशा २२ क्वेसारांचे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमचे पट्टे अनेक वर्षे तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी काहींचे पट्टे बदललेले आढळले. ज्या खुणेवरून आपण नाव दिले, ती खूणच बदलते!

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. कोणताही वर्ग शिकवताना तो कोणत्या खुणेवरून पाडला आणि ती खूण टिकाऊ आहे काय, हे मुलांना विचारू द्या. स्लोन सर्वेक्षणातील लाखो वर्णपट आज कोणालाही संगणकावर विनामूल्य पाहता येतात. बोदवडच्या शाळेतही ते उघडता येतील. मित्रांनो, त्यांतील दहा घ्या, पट्टे शोधा आणि स्वतः गट पाडा. एखादा वर्णपट कोणत्याच गटात बसला नाही तर निराश होऊ नका. खरे विज्ञान तेथूनच सुरू होते.