विश्वासूंनाही हिशेब चुकू नये

पैसा कुणाकडे गेला, हे वेळेवर न विचारण्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्या, 2024 मध्ये गुन्हे दाखल झाले आणि ठेवीदारांची रक्कम संचालकांशी संबंधित कंपन्यांकडे वळवल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. हाच प्रश्न आता फार मोठ्या पैशाबाबत उभा आहे.

कुवेत, अबुधाबी, सौदी अरेबिया, सिंगापूर, नॉर्वे अशा ठिकाणची सरकारे आपली शिल्लक एका निधीत ठेवून जगभर गुंतवतात. असा पैसा मुंबईच्या शेअर बाजारातही येतो. अदानी समूहावरील आरोपांनंतर परदेशी निधींच्या आड नेमके कोण आहे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मग 24 ऑगस्ट 2023 रोजी ‘सेबी’ने नियम केला. ज्या परदेशी गुंतवणूकदाराचा इथल्या शेअरमधला निम्म्याहून अधिक पैसा एकाच उद्योगसमूहात असेल, किंवा ज्याची एकूण गुंतवणूक 25 हजार कोटींच्या वर असेल, त्याने पैशामागची खरी माणसे नावानिशी सांगावीत. सरकारी निधींना मात्र यातून सूट मिळाली. 2025 मध्ये ही 25 हजार कोटींची मर्यादा 50 हजार कोटी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘स्वागत’ नावाची सवलत मंजूर झाली. अशा ‘विश्वासू’ गुंतवणूकदारांना नोंदणीचे नूतनीकरण 3 ऐवजी 10 वर्षांनी करावे लागेल.

सेबीची बाजू समजण्यासारखी आहे. मालक सरकारच आहे, मग लपलेले कोण असणार? परदेशी पैसा आला तर कारखाने, रस्ते उभे राहतात, हेही खरे. पण सरकार मालक आहे एवढे कळून भागत नाही. कोणत्या कंपनीत किती पैसा टाकायचा, हे कोण ठरवते? कुणाच्या मैत्रीखातर ठरते? नॉर्वेचा निधी जगात सर्वांत मोठ्या निधींपैकी आहे. तो आपल्या प्रत्येक कंपनीचे नाव आणि रक्कम स्वतःहून जाहीर करतो. त्यात भारतीय कंपन्याही असतात. एवढे उघड सांगून त्याचे काही अडले नाही. मग इतरांचे का अडावे?

शेअर बाजाराशी आपला काय संबंध, असे काही वाचक म्हणतील. आम्ही शिक्षकमंडळींचेच पाहा. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. दरमहा पगारातून कपात होते आणि तिचा काही हिस्सा याच बाजारात जातो. म्हणजे ज्या बाजारात बडे निधी भाव चढवू-उतरवू शकतात, तिथेच आमचे म्हातारपण ठेवलेले आहे. आमच्याकडून बँकेत खाते उघडताना आधार, पॅन, फोटो, सही सगळे घेतले जाते. ते योग्यच आहे. पण लहान माणसाला दहा कागद आणि हजारो कोटींच्या धन्याला नुसता सलाम, हा न्याय नव्हे.

आमचे मागणे साधे आहे. सूट हवी तर द्या, पण वर्षातून एकदा कोणत्या कंपनीत किती पैसा आहे, याची यादी सर्वांपुढे ठेवण्याची अट घाला. अमानत सांभाळणाऱ्याला हिशेब मागणे म्हणजे त्याच्या इमानावर संशय घेणे नव्हे. हिशेब दिल्यानेच इमान शाबूत राहते.

आणि वाचकहो, आपणही पुढची ठेव ठेवण्याआधी व्याज किंवा नफा किती, हे विचारण्यापूर्वी पैसा कुठे जाणार, हे विचारा. उत्तर कागदावर मिळाले नाही, तर घरी परत या.